गोलंदाजाची पारख

पुण्याच्या रविवार पेठेत सराफांची जुनी दुकाने आहेत. सोने विकावयास आलेल्या माणसाचा दागिना हाती घेताच सराफ त्याची किंमत सांगत नाही. काळ्या गुळगुळीत दगडावर तो दागिना घासतो, उमटलेली रेघ निरखून पाहतो, तिच्यावर तेजाबाचा थेंब सोडतो, आणि मग वजन करतो. त्या दगडाला कसोटी म्हणतात. पाच दिवसांच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेट-सामन्याला मराठीत 'कसोटी सामना' हे नाव मिळाले ते याच दगडावरून. खेळाडूचा कस त्या सामन्यात लागतो, असा त्याचा अर्थ. परंतु कसोटीवर उमटलेली रेघ वाचता येणे ही स्वतंत्र विद्या आहे. ती ज्याला अवगत नाही, त्याला पितळेची रेघही सोन्यासारखीच दिसावयाची.

गोलंदाजांविषयी वाद घालताना पुष्कळ लोक एकच गोष्ट विचारतात : "त्याने एकूण गडी किती बाद केले?" श्रीलंकेच्या मुथय्या मुरलीधरनने कसोटी सामन्यांत ८०० गडी बाद केले. ऑस्ट्रेलियाच्या शेन वॉर्नने ७०८ आणि भारताच्या अनिल कुंबळेने ६१९ केले. इंग्लंडच्या सिडने बार्न्सच्या नावावर मात्र १८९ गडीच आहेत. एवढ्यावरून बार्न्स या तिघांहून फार कमी प्रतीचा होता असे ठरविणे योग्य होईल काय? बार्न्स केवळ २७ कसोटी सामने खेळला. कुंबळे १३२, मुरलीधरन १३३ आणि वॉर्न १४५ सामने खेळले. सामन्यामागे सरासरी सात गडी बार्न्सने बाद केले, हे ध्यानात घेतले म्हणजे पहिले उत्तर डळमळू लागते. एकूण संख्या ही गोलंदाजाच्या कर्तृत्वाबरोबरच त्याला मिळालेल्या संधीचीही मोजणी असते.

म्हणून जाणकारांनी आणखी तीन मापे वापरात आणली आहेत. पहिले माप सरासरीचे. गोलंदाजाने दिलेल्या एकूण धावांना त्याने बाद केलेल्या गड्यांच्या संख्येने भागले, म्हणजे एका गड्यासाठी त्याला किती धावा मोजाव्या लागल्या ते कळते. दुसरे माप चेंडूंचे. टाकलेल्या एकूण चेंडूंना गड्यांच्या संख्येने भागले, म्हणजे एक गडी बाद करण्यास किती चेंडू लागले हे समजते. तिसरे माप काटकसरीचे. दर षटकास त्याने किती धावा दिल्या, हे त्यावरून कळते. ही तिन्ही मापे जितकी लहान, तितका गोलंदाज चांगला, असा सामान्य नियम आहे.

या तीन मापांचा परस्परसंबंध ध्यानात येण्यासाठी एक उदाहरण घेऊ. बिशनसिंग बेदी आणि भागवत चंद्रशेखर हे दोघे एकाच काळात भारताकडून खेळले. बेदीने ६७ सामन्यांत २६६ गडी बाद केले. त्याची सरासरी २८.७१ होती. चंद्रशेखरने ५८ सामन्यांत २४२ गडी बाद केले आणि त्याची सरासरी २९.७४ होती. सरासरीत दोघांमध्ये जेमतेम एका धावेचे अंतर आहे. परंतु दोघांचा खेळ अगदी भिन्न होता. बेदीला एका गड्यासाठी सुमारे ८० चेंडू लागत, पण षटकामागे तो दोन धावांहून थोड्याच अधिक देई. चंद्रशेखर काहीसा खर्चिक होता, पण सुमारे ६६ चेंडूंतच त्याला गडी मिळे. एक शिकारी दबा धरून वाट पाहणारा, तर दुसरा झडप घालणारा. दिवसभर एक बाजू रोखून धरावयाची असेल, तर कर्णधार बेदीच्या हाती चेंडू देई. चिवट जोडी लवकर फोडावयाची असेल, तर त्याला चंद्रशेखर हवासा वाटे. सरासरी सारखी असली, तरी दोघांचा उपयोग वेगवेगळ्या प्रसंगी होतो, हे केवळ एका आकड्यावरून कधीच कळले नसते.

आकडे कसे वाचावेत, याचा आणखी एक धडा पुण्याशी नाते असलेल्या दोन खेळाडूंनी दिला आहे. रमेशचंद्र तथा बापू नाडकर्णी यांचा जन्म नाशिकचा, पण पुणे विद्यापीठाच्या संघातून ते पुढे आले आणि महाराष्ट्राकडून खेळू लागले. चंदू बोर्डे यांचा तर जन्मच पुण्याचा. जानेवारी १९६४ मध्ये मद्रास येथे इंग्लंडविरुद्ध झालेल्या कसोटी सामन्यात हे दोघेही होते. इंग्लंडच्या पहिल्या डावात नाडकर्णींनी ३२ षटके टाकली. त्यांपैकी २७ निर्धाव होती. त्यांतही सलग २१ षटकांत एकही धाव निघाली नाही. ३२ षटकांत त्यांनी अवघ्या पाच धावा दिल्या, पण गडी मात्र एकही मिळाला नाही. त्याच डावात बोर्डे यांनी ८८ धावांत पाच गडी बाद केले.

केवळ बाद केलेले गडी मोजणारा माणूस म्हणेल, की बोर्डे यशस्वी झाले आणि नाडकर्णी अयशस्वी. परंतु क्रिकेटमध्ये गोलंदाज दोन टोकांकडून आळीपाळीने षटके टाकतात. एका टोकाकडून धावा मिळेनाशा झाल्या, की फलंदाज दुसऱ्या टोकाकडून त्या मिळविण्याचा यत्न करू लागतो, आणि तेथे त्याची चूक होण्याचा संभव वाढतो. म्हणजे एकाने बांध घालावा आणि दुसऱ्याने त्या पाण्यावर शेत पिकवावे, असा हा प्रकार आहे. बोर्डे यांच्या पाच गड्यांचे श्रेय बोर्डे यांचेच, परंतु अशा कामगिरीत बांध घालणाऱ्याचाही वाटा असतो, आणि धावफलकावर त्यासाठी रकाना नसतो. अर्थात, याला दुसरी बाजूही आहे. समोरच्या फलंदाजांनी त्या दिवशी धावा काढण्यापेक्षा टिकून राहण्यावरच भर दिला होता. म्हणून पाच धावांचा तो आकडा पाहून नाडकर्णींना अजिंक्य म्हणणेही बरोबर होणार नाही. त्यांची पारख करावयाची तर ४१ कसोटी सामने पाहिले पाहिजेत. त्यांत त्यांनी षटकामागे सरासरी १.६७ धावाच दिल्या, पण एका गड्यासाठी त्यांना शंभराहून अधिक चेंडू लागले. मात्र त्याच १९६४ सालच्या ऑक्टोबरमध्ये, त्याच मद्रासला, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात त्यांनी दोन डावांत मिळून ११ गडी बाद केले. केवळ धावा रोखणारा गोलंदाज म्हणून ज्यांची ओळख झाली होती, त्यांच्या हाती गडी टिपण्याची कलाही होती.

आकड्यांमागे दडलेली दुसरी गोष्ट म्हणजे खेळपट्टी. पुण्याजवळ गहुंजे येथील मैदानावर फेब्रुवारी २०१७ मध्ये पहिला कसोटी सामना झाला. खेळपट्टी कोरडी होती आणि पहिल्या दिवसापासून चेंडू वळू लागला. ऑस्ट्रेलियाचा डावखुरा फिरकी गोलंदाज स्टीव्ह ओकीफ याने पहिल्या डावात ३५ धावांत सहा आणि दुसऱ्या डावातही ३५ धावांतच सहा गडी बाद केले. भारताचे डाव १०५ आणि १०७ धावांत आटोपले. तीन दिवसांत सामना संपला आणि भारताला ३३३ धावांनी हार पत्करावी लागली. पुढे त्या खेळपट्टीवर 'निकृष्ट' असा शेरा मारण्यात आला. ओकीफने आपल्या साऱ्या कारकीर्दीत नऊ कसोटी सामन्यांत ३५ गडी बाद केले. त्यांपैकी १२, म्हणजे तृतीयांशाहून अधिक, त्याला या एकाच सामन्यात मिळाले. त्याच मैदानावर ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या मिचेल सँटनर याने १५७ धावांत १३ गडी बाद करून आपल्या संघाला विजय मिळवून दिला. त्यापूर्वी कसोटी सामन्यात एका डावात पाच गडी बाद करणे त्याला एकदाही साधले नव्हते.

"मग हे सारे खेळपट्टीचेच कर्तृत्व," असे कोणी म्हणेल. तेही खरे नाही. २०१७ च्या त्या सामन्यात त्याच खेळपट्टीवर अश्विन आणि जडेजा हे भारताचे नामांकित फिरकी गोलंदाज होते. दोघांनी मिळून गडीही १२च बाद केले, परंतु त्यासाठी त्यांना तीनशेहून अधिक धावा मोजाव्या लागल्या. ओकीफने अवघ्या ७० धावांत तेच केले. याहून ठळक उदाहरण १९५६ साली मँचेस्टर येथे घडले. इंग्लंडच्या जिम लेकरने ऑस्ट्रेलियाचे २० पैकी १९ गडी ९० धावांत बाद केले. दुसऱ्या टोकाकडून टोनी लॉक हा तितकाच ख्यातनाम फिरकी गोलंदाज ६९ षटके टाकत होता. त्याला मिळाला तो एकच गडी. खेळपट्टी, प्रतिस्पर्धी आणि दिवस, सारे तेच होते. शेत एक आणि पाऊसही एक असता एकाचे पीक अधिक यावे, तर तेथे शेतकऱ्याच्या हाताचा गुण मानलाच पाहिजे. म्हणून एखाद्या कामगिरीची किंमत करताना त्याच खेळपट्टीवर इतरांनी काय केले, हे पाहणे ही उत्तम रीत होय.

समोर कोण होते आणि पाठीशी कोण होते, हाही विचार आवश्यक आहे. मुरलीधरनच्या ८०० गड्यांपैकी १७६ गडी बांगलादेश आणि झिंबाब्वे या त्या काळच्या दुर्बल संघांचे होते. वॉर्नला या दोन संघांचे १७च गडी मिळाले. हे वॉर्नच्या बाजूचे झाले. उलट, वॉर्नच्या संघात ग्लेन मॅकग्रासारखा गोलंदाज होता. त्याने प्रारंभीच्या फळीला खिंडार पाडावे आणि मग वॉर्नने आत शिरावे, असे अनेकदा घडे. मुरलीधरनला बहुधा सारा भार एकट्यानेच वाहावा लागला. हे मुरलीधरनच्या बाजूचे झाले. गोलंदाजाच्या पाठीशी क्षेत्ररक्षकही असतात. मुंबईचा एकनाथ सोलकर फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, हात लांब केला तर बॅट लागेल इतक्या जवळ, उभा राहत असे. त्याने २७ कसोटी सामन्यांत ५३ झेल घेतले. त्यांतील पुष्कळ झेल बेदी, प्रसन्न, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन यांच्या चेंडूंवरचे होते. तेथे दुसरा कोणी उभा असता, तर त्यांतील कित्येक झेल मातीत पडले असते, आणि त्या चौघांच्या सरासऱ्या आज वेगळ्या दिसल्या असत्या.

यानंतर काळ आणि देश यांचा हिशेब. एखादा गोलंदाज घरच्या मैदानावर सिंह आणि परमुलखात शेळी, असे तर नाही ना, हे पाहावे लागते. कुंबळेने भारतातील ६३ सामन्यांत ३५० गडी बाद केले आणि परदेशांतील ६९ सामन्यांत २६९. परदेशी त्याची धार काहीशी कमी झाली, पण बोथट झाली नाही, असाच निष्कर्ष यातून निघतो. तसेच एका पराक्रमावरून साऱ्या आयुष्याचा अंदाज बांधू नये. नरेंद्र हिरवाणी या तरुणाने १९८८ साली मद्रास येथे आपल्या पहिल्याच कसोटी सामन्यात वेस्ट इंडीजसारख्या बलाढ्य संघाचे १६ गडी १३६ धावांत बाद केले. पुढे तो एकूण १७ सामने खेळला आणि त्याच्या नावावर ६६ गडी जमा झाले. आरंभ उज्ज्वल होता, पण तो टिकला नाही. टिकणे हाही एक गुणच आहे.

निरनिराळ्या युगांतील गोलंदाजांची तुलना तर विशेष जपून करावी. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या जॉर्ज लोमनची सरासरी १०.७५ होती. अलीकडच्या काळात ती वीसच्या आत असली तरी आश्चर्य वाटते. परंतु लोमनच्या काळी खेळपट्ट्या उघड्या असत, त्यांवर पाऊस पडे, आणि त्यांची निगाही आजच्यासारखी राखली जात नसे. म्हणून लोमनची तुलना मार्शल किंवा मॅकग्राशी न करता त्याच्या समकालीनांशी करावी. तो आपल्या काळातील इतरांहून किती पुढे होता, हे मोजावे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या गुणानुक्रमात बाद झालेल्या फलंदाजाची योग्यता आणि सामन्यातील धावसंख्या यांचा हिशेब धरला जातो, आणि अलीकडच्या सामन्यांना अधिक वजन दिले जाते. सराफाने केवळ रेघ न पाहता तेजाब आणि तराजूही वापरावा, तसाच हा प्रयत्न आहे.

हे सर्व झाले तरी डोळ्यांनी पाहण्याचे काम उरतेच. उत्तम गोलंदाजाचा चेंडू पुनःपुन्हा एकाच टप्प्यावर पडतो, आणि फलंदाजाला पुढे यावे की मागे जावे हे उमगत नाही. तो सहा चेंडू सारखेच टाकत आहे असे भासते, परंतु त्यांतला एक किंचित हळू असतो, एकाला थोडी अधिक उंची असते, आणि एक वळतो असे वाटून सरळ जातो. फलंदाज बाद होतो तो बहुधा या सातव्या नव्हे, तर आधीच्या सहा चेंडूंमुळे. सामना पाहताना केवळ यष्ट्या उडतात तेवढाच क्षण न पाहता, त्यापूर्वीची तीन-चार षटके पाहण्याची सवय ज्याने लावून घेतली, त्यालाच ही पारख साधते.

आता एक प्रश्न उरतो, आणि तो सर्वांत कठीण आहे. ज्याला कसोटीच्या दगडाजवळ येऊच दिले नाही, त्याची पारख कशी करावी?

पुण्याच्या लष्कर भागातील पूना जिमखान्यावर १८९२ च्या सुमारास पालवणकर बाळू नावाचा एक मुलगा नोकरीस होता. पगार महिना चार रुपये. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, जाळी उभारावी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकावेत, हे त्याचे काम. बाळू डावखुरा होता आणि चेंडू मंदगतीने वळवीत असे. ग्रेग नावाचा तेथील नामांकित इंग्रज फलंदाज त्याच्याकडून रोज सराव करून घेई, आणि आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देई, असे सांगतात. फलंदाजी करण्याची संधी मात्र त्या मैदानावर बाळूला कोणी दिली नाही.

पुण्यातील हिंदू संघाला साहेबांच्या संघाला हरवावयाचे होते. त्यासाठी बाळूसारखा गोलंदाज हवा होता. पण बाळू चर्मकार समाजातील असल्यामुळे त्याला संघात घ्यावे की नाही, यावर वाद झाला. अखेर त्याला घेतले. मैदानावर सर्वांनी त्याच्या हातचा चेंडू हातात घेतला, परंतु चहाच्या वेळी त्याला मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा देण्यात येई. जेवणाचे पानही वेगळे असे. चेंडूला विटाळ नव्हता आणि चहाला होता!

पुढे बाळू मुंबईस गेले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्या विजयात त्यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. तो संघ दुबळा ठरला. १४ प्रथम श्रेणीच्या सामन्यांपैकी त्याने दोनच जिंकले आणि दहा गमावले. पस्तिशीतल्या बाळूंनी मात्र त्या दौऱ्यातील सर्व सामने धरून ११४ गडी १८.८४ च्या सरासरीने बाद केले. साऱ्या आयुष्यात ते प्रथम श्रेणीचे ३३ सामने खेळले आणि १५.२१ च्या सरासरीने १७९ गडी त्यांनी बाद केले. भारताला पहिला कसोटी सामना खेळावयास मिळाला तो १९३२ साली. तेव्हा बाळूंची पन्नाशी उलटली होती. हिंदू संघाचे कर्णधारपदही त्यांच्याकडे कधी आले नाही. १९२३ साली ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. १९५५ साली बाळूंचे निधन झाले.

वर सांगितलेली मापे त्यांना लावून पाहावीत. समोर कोण होते? इंग्लंडमधील काउंटी संघांचे कसलेले फलंदाज. खेळपट्टी कोणती? परक्या देशातील, पूर्वी कधी न पाहिलेली. पाठीशी कोण होते? सतत हरणारा संघ. एकदाच चमकले की टिकले? विशीच्या आतून सुरू झालेली गोलंदाजी चाळिशी उलटेपर्यंत चालू राहिली. प्रत्येक मापाला बाळू उतरतात. तथापि प्रामाणिक परीक्षकाने एवढ्यावरून, "ते कसोटी सामन्यांत खेळले असते तर तीनशे गडी बाद केले असते," असे म्हणू नये. जे घडलेच नाही, त्याचा आकडा मांडता येत नाही. परंतु कसोटी गोलंदाजांच्या यादीत त्यांचे नाव नाही म्हणून त्यांना त्या योग्यतेचे न मानणे, हा त्याहून मोठा अन्याय होय. ती जागा रिकामी राहिली, याला काही अंशी काळ कारण होता. ज्या सन्मानांसाठी काळाची अडचण नव्हती, ते मात्र माणसांनी रोखून धरले.

सराफाच्या हातून सोन्याची परीक्षा होत असते, तेव्हा सराफाचीही परीक्षा चालू असते. दागिना कोणी आणला, त्याची जात कोणती, त्याचे कपडे कसे आहेत, हे पाहून जो किंमत ठरवितो, तो सोने तर गमावतोच, पण आपली पतही गमावतो. मैदानावरील एखाद्या गोलंदाजाविषयी मत देण्यापूर्वी आकडे सर्व बाजूंनी पाहावेत, त्यांच्यामागची परिस्थिती पाहावी, आणि शेवटी आपल्या स्वतःच्या नजरेत काही दोष नाही ना, हेही एकदा पाहावे.

स्वाध्याय

१. सरासरी, एका गड्यासाठी लागलेले चेंडू आणि षटकामागे दिलेल्या धावा, ही तीन मापे कशी काढतात ते आपल्या शब्दांत सांगा.
२. मद्रास येथील जानेवारी १९६४ च्या सामन्यात नाडकर्णींना एकही गडी मिळाला नाही, तरी त्यांची गोलंदाजी मोलाची का ठरते?
३. लेकर आणि लॉक यांच्या उदाहरणावरून कोणती गोष्ट सिद्ध होते?
४. 'चेंडूला विटाळ नव्हता आणि चहाला होता!' या वाक्यातील विसंगती स्पष्ट करा.
५. एका गोलंदाजाने २४० चेंडूंत १०० धावा देऊन ५ गडी बाद केले. त्याची तिन्ही मापे काढा. त्याच्याविषयी मत देण्यापूर्वी आणखी कोणती माहिती हवी, ते लिहा.